दुखण्याची आणेवारी

“आजींचं दुखणं लई शिस्तीचं हाय हो, आजोबा,” वही चाळता चाळता पंचफुला सिस्टर म्हणाल्या. “तीन आठवडे झाले, एकदाबी नवाच्या वर गेलं न्हाई.” त्या हसूनच म्हणाल्या, म्हणून मीही हसलो. दर गुरुवारी अकराच्या सुमाराला सरकारी दवाखान्याची गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबते आणि पन्नाशीच्या, ठेंगण्या, चपला घाशीत चालणाऱ्या या बाई पिशवी सावरत आत येतात. नागम्माच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, खाटेशेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसतात. तिची जीभ बघतात, पाठीला कुठं जखम होत नाही ना ते बघतात, पोट साफ होतं का विचारतात, आणि शेवटी माझी वही मागतात. वही मी स्वतः आखली आहे. तारीख, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि कडेला शेऱ्याचा रकाना, जो कोराच असतो. ‘शिस्तीचं’ हा शब्द बाईंनी वहीला न लावता दुखण्याला लावला, हे माझ्या उशिरा लक्षात आलं आणि माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तोवर त्यांनी गोळ्यांचा स्टीलचा डबा उघडला होता. पेनाच्या टोकानं दोन दोन गोळ्या पुढं सरकवत त्यांनी मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या. मागच्या गुरुवारी त्यांनी आठवड्याच्या बेचाळीस आणि मध्येच जास्त दुखलं तर म्हणून वरच्या दहा दिल्या होत्या. वरची एकही दिल्याची नोंद वहीत नव्हती. डब्यात दहा असायला हव्या होत्या. “तीनच हायत,” त्या म्हणाल्या. “सात कुठं गेल्या?” मी म्हणालो, “मीच दिल्या असतील. लिहायचं राहिलं असेल.” त्यांनी वहीकडे बघितलं, वहीतल्या पट्टीनं मारलेल्या लाल रेघांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. “तुमचं लिहायचं राहतंय व्हय?” त्या म्हणाल्या. नंतर आवाज उतरवून म्हणाल्या, “आजोबा, ही मॉर्फिनची गोळी हाय. एकेक मला वर दाखवावी लागती. आज देते मी. पुढच्या गुरुवारी नीट जुळलं न्हाई तर डॉक्टर म्हणतील, आठवड्याच्या देऊ नका, रोजच्या रोज दवाखान्यात येऊन न्या. तुम्हाला जमंल का रोज?” आणि त्या गेल्या. मी एकही गोळी दिलेली नव्हती. मग मी तसं का म्हणालो, याचा विचार करत मी बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला आणि थांबला. कुणीतरी ऐकत उभं होतं, असं मला वाटलं.

दुखणं आण्यांत मोजायची कल्पना माझीच. बार्शीच्या डॉक्टरांनी, गाठ आता कमरेच्या हाडात उतरली आहे, यापुढे घरीच ठेवा, असं सांगितलं आणि त्यानंतर पहिल्यांदा सिस्टर आल्या तेव्हा त्यांनी एक पुठ्ठा काढला होता. त्यावर सहा तोंडं होती, पहिलं हसणारं, शेवटचं रडणारं. नागम्मानं तो पुठ्ठा हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि विचारलं, “ही कोणाकडची माणसं?” मग सिस्टरनी शून्य ते दहा सांगून बघितलं. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे जीव जाईल इतकं दुखतंय. “जीव तर गेला न्हाई अजून,” नागम्मा म्हणाली, “मग मी धा कसं म्हणू?” तिला शाळा चौथीपर्यंतच मिळाली, पण असा प्रश्न तिला पडतो, मला पडत नाही. मी कोपऱ्यात उभा होतो. माणसांसमोर बोलताना माझा आवाज घशातच अर्धा राहतो. तरी म्हणालो, “आण्यांत विचारा.” आमच्या पिढीला सोळा आणे म्हणजे पूर्ण, हे शिकवावं लागत नाही. सिस्टर खळखळून हसल्या. “आणेवारी लावता व्हय दुखण्याची? मी चाकूरकडली हाय, आजोबा. आमचा बाप आणेवारीचं नाव निघालं की थुंकायचा.” मी त्यांच्या वडिलांचं गाव विचारलं नाही. त्या मात्र मग गंभीर झाल्या आणि समजावून सांगितलं. रोज तीनदा विचारायचं. दहा आणे किंवा वर म्हणाल्या तर वरची एक गोळी द्यायची, लिहायचं. अशा वरच्या गोळ्या रोजच लागायला लागल्या तर त्या मोजून नेहमीचाच डोस वाढवता येतो, चाळीस वर्षांपूर्वीची माणसं जशी तळमळत गेली तसं आता जायची गरज नाही. “निस्तं खरं लिवा म्हंजे झालं,” त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. खरं लिहिणं हा माझा व्यवसायच होता, असं त्या क्षणी मला वाटलं असावं.

मी महसूल खात्यात छत्तीस वर्षं काढली. लातूर जिल्हा उस्मानाबादमधून वेगळा झाला तेव्हा जी माणसं इकडं आली त्यांत मीही होतो. नव्या कचेरीत खुर्च्या कमी होत्या आणि आम्ही काही दिवस पेट्यांवर बसून काम केलं. आमच्या कामात एक काम आणेवारीचं. गावाचं पीक चांगल्या वर्षाच्या मानानं किती आलं हे ठरवायचं. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. कागदावर पैसे येऊन बरीच वर्षं झाली होती, पण तोंडात आणेच होते. आठ आण्यांच्या खाली गेलं की त्या गावात दुष्काळ. आठच्या वर असलं की नाही. शेतात दोरी लावून चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. पण सगळीच शेतं अशी कापता येत नाहीत, म्हणून बाकीचं नजरेनं ठरवायचं. आणि नजरेला पहिला धडा मिळतो तो संशयाचा. माणूस कमीच सांगणार. दाणे भरलेले असले तरी पोचट म्हणणार. म्हणून जे सांगतील त्यात दोन आणे वाढवायचे, हे मला कुणी शिकवलं नाही. पण कचेरीत दोन-चार वर्षं काढली की हात आपोआप वाढवतो. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला वाटतं की आपण माणसं ओळखतो. मी तर माणसांकडे सरळ बघूही शकत नसे, मी धाटांकडे बघायचो, कणसं चिमटीत चोळून बघायचो आणि दोन वाढवायचो. पीक कमी सांगतात म्हणून वाढवायचं, तर दुखणं जास्त सांगतात म्हणून कमी करायचं, हे त्याच हातानं ठरवलं. चौथ्या दिवशी सकाळी नागम्मा म्हणाली, “अकरा हाय बघा आज.” मी नऊ लिहिले. दुपारी ती दहा म्हणाली, मी आठ लिहिले. लिहिताना मला आपण काही खोटं करतो आहोत असं वाटलं नाही. उलट जरा सावध, जबाबदार वाटलं. गोळीत अफूचा अंश आहे. वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकात अफूच्या सवयीवर मी चाळीस पानं वाचली होती. तिला सवय लागेल, ती गुंगीत जाईल, मला ओळखणार नाही. पण खरं कारण हेही नसावं. दहा लिहिले की काहीतरी जाहीर होणार होतं. नऊवर ते घरातल्या घरात होतं, आपलं होतं, कदाचित उद्या उतरणार होतं.

गुरुवारची दुपार आणि सगळा शुक्रवार मी सात गोळ्यांचा विचार करण्यात घालवला. घरात आम्ही तिघंच. मी, नागम्मा आणि तिची धाकटी बहीण पार्वतम्मा, जी दोन महिन्यांपूर्वी उदगीरहून एक पिशवी घेऊन आली आणि राहिली. या बहिणींचं माहेर उदगीरच्या पलीकडं, बिदरच्या रस्त्याला. त्या एकमेकींशी कन्नडच बोलतात. मी लिंगायत असूनही मला कन्नड येत नाही. लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, साकु म्हणजे पुरे आणि बेडा म्हणजे नको, एवढ्यावर माझा निभाव लागला. इतकी वर्षं ती भाषा माझ्या घरात आहे आणि ती माझ्याबद्दलच आहे असं मला अधूनमधून वाटत आलं आहे. आता तर वाटायला कारण होतं. मी खोलीत शिरलो की वाक्य अर्ध्यावर तुटायचं आणि दुसरं, मराठी, सुरू व्हायचं. “टँकर आला का हो, दाजी?” पार्वतम्मा विचारायची. तिचे गुडघे दुखतात, उठताना ती भिंतीला धरते. दुखणाऱ्या माणसाला शेजारी ठेवलेली गोळी दिसत नसेल का? किंवा तिचा पुतण्या, जो मागच्या रविवारी येऊन गेला आणि डबा ठेवला होता त्याच कट्ट्यावर बसला? मी सिस्टरचाही विचार केला. मोजताना त्यांनी तळहात आडवा धरला होता. दिल्याच कमी असतील तर? शेजारचे ईश्वरप्पा पाण्याची बादली मागायला येतात, सरळ आतपर्यंत येतात. नळाला पंधरा दिवस पाणी नसलं की माणसांना दुसऱ्याच्या घरात सरळ शिरायची सवय लागते. या सगळ्यांचा संशय घेऊन झाल्यावर संध्याकाळी मला शरम वाटली, आणि शरम वाटली म्हणून मी नागम्माचा आकडा विचारताना जास्तच मऊ आवाजात विचारलं. ती म्हणाली, “अकरा.” मी तिच्याकडे बघितलं. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. गोळीनं तोंड कोरडं पडतं. पार्वतम्मा चमच्यानं पाणी पाजत होती, तांब्यातल्या पाण्याची पातळी बघत बघत. मी नऊ लिहिले. “लिवलं का?” नागम्मानं विचारलं. “लिहिलं,” मी म्हणालो. ती जरा हसल्यासारखं करून भिंतीकडे वळली. तिचं ते हसणं मला आवडलं नाही.

शनिवारी नांदेडहून मुलाचा, बसवराजचा, फोन आला. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तो प्रयोगशाळेत आहे. “बाबा, आईला इकडं आणा. इथं निदान धरणात पाणी आहे,” तो म्हणाला. “आई कशी आहे?” मी म्हणालो, “आठ-नऊ.” तो म्हणाला, “म्हणजे?” मी म्हणालो, “म्हणजे बरी आहे.” फोन ठेवल्यावर पार्वतम्मा दारात उभी होती. तिनं काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. रोज दुपारी बारा ते तीन मी वाचनालयात जातो. माझ्या निवृत्त आयुष्यातली ती एकच सवय आहे आणि नागम्मा आजारी पडल्यावर ती सुटेल असं मला वाटलं होतं, पण बहीण आल्यावर सुटली नाही. खरं सांगायचं तर मी जास्त वेळ बसू लागलो. सोमवारी मी निघायच्या आधी डब्यातल्या गोळ्या मोजल्या, आल्यावर मोजल्या. दोनच्या नेहमीच्या एका गोळीशिवाय आणखी एक गेलेली होती. त्या दुपारी बाहेरचं कुणी घरात आलं नव्हतं, म्हणजे ईश्वरप्पा नव्हते, पुतण्या नव्हता, सिस्टर नव्हत्या. मला हायसं वाटलं. चोर सापडला की कचेरीत वाटायचं तसं. रात्रीच्या जेवणात मी पार्वतम्माच्या हातची भाकरी खाल्ली आणि तिला काही विचारलं नाही. पुरावा हवा होता. या वयात, या घरात, मला पुरावा हवा होता.

मंगळवारी मी वाचनालयाच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि अर्ध्या तासात परत फिरलो. ऊन असं होतं की रस्त्यावर फक्त रिकाम्या घागरींच्या रांगा होत्या, माणसं नव्हती. घागरींनी आपापला नंबर धरला होता. दाराशी येऊन मी चपला हातात घेतल्या. स्वतःच्या घरात असा शिरलेला म्हातारा कसा दिसत असेल, हे मनात आलं आणि मी भिंतीला चिकटून उभा राहिलो. आतून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग एक आवाज आला, बैलाच्या गळ्यातून यावा तसा, खूप खालचा, तोंडात काहीतरी कोंबून दाबलेला. तो आवाज नागम्माचा आहे हे कळायला मला वेळ लागला, कारण तो मी एक्कावन्न वर्षांत ऐकला नव्हता. तिच्या तिन्ही बाळंतपणांत मी बाहेर होतो, कुठल्यातरी गावी, कुठल्यातरी पंचनाम्यावर. “एष्टु?” पार्वतम्माचा आवाज आला. “एष्टु, अक्का?” किती, असंच ती विचारत असावी. आणि थोड्या वेळानं नागम्मा म्हणाली, “हदिनाल्कु.” मग डबा उघडल्याचा आवाज. मी तसाच मागे सरलो, चपला घातल्या आणि गल्लीच्या टोकाला माणिकप्पाच्या दुकानात गेलो. माणिकप्पाही उदगीरचा. “हदिनाल्कु म्हणजे किती?” मी विचारलं. “चौदा,” तो म्हणाला. “का हो काका, या वयात कन्नड शिकायलाव का? शिका शिका, उदगीर जिल्हा झाला की तिथं लागतंय. तुम्ही एक जिल्हा तर बघितलाच की नवा होताना.” मी त्याच्याकडून उगीच काडेपेटी घेतली. चौदा. मला दहा आणि अकरा सांगते, मी आठ आणि नऊ लिहितो, आणि बहिणीला चौदा सांगते. पहिल्यांदा मला राग आला. मला सांगायला नको? मग त्या रागाच्या आतून दुसरं काहीतरी वर आलं, आणि माणिकप्पाच्या दुकानासमोरच्या सावलीत मला, उगीचच, चाकूरच्या पुढच्या एका गावातली सरजाबाई आठवली.

नवा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि पाऊस रुसला होता. दिवस कलत आला होता, त्या गावातलं शेवटचं शेत होतं. नियमानं चौकोन चिठ्ठी टाकून निवडायचा, पण आम्ही दमलो होतो. मी शेताच्या मालकिणीला, याच सरजाबाईला, विचारलं, कुठं लावू दोरी? ती एकटीच बाई, कासोटा घातलेली, हातात विळा. तिनं एक कोपरा दाखवला. मी मनात म्हटलं, दाखवणारच, सगळ्यांत वाईट कोपरा. कापलं, मळलं, तोललं. सात आण्यांचं माप आलं. गावात इतरत्रही तेवढंच होतं. मी दोन वाढवले आणि नऊ लिहिले. मला कुणी काही सांगितलं नव्हतं, वरून चिठ्ठी नव्हती, फोन नव्हता. नव्या जिल्ह्याच्या कपाळी लगेच दुष्काळ नको असं साहेबांना वाटत असेल, हे मीच ठरवलं. परतताना कोतवाल रामकिशन माझ्या सायकलीबरोबर चालत होता. तो म्हणाला, “साहेब, म्हातारीनं चांगला कोपरा दिला तुम्हाला. विहिरीच्या पाझराचा. मी म्हणलं, अगं येडी, असं कोण करतंय? तर म्हणती, पाव्हण्याला नासकं कसं दाखवावं.” मी थांबलो नाही. सायकल चालवत राहिलो. कागद झाला होता, सही झाली होती, खाडाखोड केली तर चौकशी होते. त्या वर्षी त्या गावात दुष्काळ नव्हता. शेजारच्या गावात होता, तिथं कामं निघाली, चारा आला. त्या गावात काय झालं ते मी पुढं विचारलं नाही, आणि बदली झाल्यावर तो रस्ताही टाळला. पण एवढं कळत होतं की बाईनं दाखवलं त्यावर विश्वास ठेवला असता तरी मी चुकलो असतो, पण दोन आण्यांनी कमी.

घरी आलो तेव्हा पार्वतम्मा उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, “गोळ्या तू घेतेस.” प्रश्न विचारायचा होता, पण वाक्य तसं निघालं. तिनं मान वर केली नाही. “घेते की. तिला देते.” मी विचारलं, “मला का नाही सांगितलं?” “तुमाला सांगून काय, दाजी,” ती म्हणाली, “तुमी लिहिताव.” मग एक खडा उचलून अंगणात टाकत म्हणाली, “तुमी वाचायला जाताव आन ती हिकडं उशी चावती. उशीची खोळ बघा जावा. मी फाटली म्हणून दोनदा शिवली.” मी आत गेलो. नागम्मा आता शांत होती, डोळे अर्धे मिटलेले. खोळीच्या कोपऱ्याला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे टाके होते. इतके दिवस मी त्या उशीशेजारी बसून आकडा विचारत होतो. मी स्टुलावर बसलो. ती डोळे न उघडता म्हणाली, “कळलं म्हणायचं.” मी म्हणालो, “चौदा.” “हां.” “मला अकरा का सांगत होतीस?” तिनं उशीची खोळ बोटांनी सारखी केली. मग म्हणाली, “तुम्ही दोन कापताव, मला ठाऊक हाय. वही माझ्याच पायावर ठेवून लिहिताव की. उलटं अक्षर वाचता येतंय मला. आधी नऊ असलं की मी अकराच म्हणायची. म्हणलं, कापून कापून बरोबर येतंय.” तिला हसू आलं आणि हसण्यानं कळ आली, तिनं ती गिळली. “मग वाढलं. मग म्हणलं असतं मी चौदा. पर चौदा म्हणलं की तुमचं तोंड कसं होईल ते मला दिसलं. ते बघणं जमलं नसतं मला.” “आणि पारूला?” “पारूला म्हणते. ती रडती, पर उठून गोळी देती. तिला जरा चढवूनच सांगते, न्हाईतर ती गुडघ्याचं बघत बसती.” मी वही उघडली होती, ती मिटली. “मग खरं किती?” मी विचारलं. तिनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, दया आल्यासारखं. “मला तरी कुठं ठाऊक?” ती म्हणाली. “दुखतंय तवा आकडा नसतोय हो. तुम्ही विचारलं की होतोय.”

त्या संध्याकाळी वरची गोळी मी दिली. पाणी मी पाजलं. बुधवारी तीन दिल्या, आणि कधी दिल्या त्या वेळा शेऱ्याच्या रकान्यात लिहिल्या. आकड्यांचे तिन्ही रकाने कोरे सोडले, कारण काय लिहायचं ते कळेना. वाचनालयात गेलो नाही. दुपारभर तिच्याजवळ बसलो आणि मला कळलं की मला बसता येत नाही. प्रश्न नसला, पेन्सिल नसली, की माझ्या हातांना काम राहत नाही. ती झोपली की मी तिच्या कपाळावरच्या आठ्या बघायचो, मुठी बघायचो, श्वास मोजायचो, आणि मनात आकडा यायचा. मग मी तो कमी करायचो. मग कमी केला म्हणून वाढवायचो. शेवटी तो आकडा तिचा राहायचा नाही, माझाच व्हायचा.

गुरुवारी सिस्टर आल्या तेव्हा मी त्यांना बाहेरच्या खोलीत थांबवलं. मी हे वाक्य पाठ केलं होतं. तरी आवाज अर्धाच आला. “मी कमी लिहीत होतो,” मी म्हणालो. “पहिल्यापासून. प्रत्येक वेळी दोन आणे.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पिशवी त्यांनी खाली ठेवली नाही. “आन गोळ्या?” “त्या तिलाच दिल्या. मेहुणीनं. मला नंतर कळलं. परवापासून मी देतो, दिवसाला तीन लागतात. दहाच्या दहा संपल्या.” आता त्या वडिलांचं गाव सांगतील, माझं नाव त्या घरात कधी घेतलं गेलं होतं का ते सांगतील, असं मला वाटलं. तसं झालं असतं तर मला ते पटलंही असतं. त्या म्हणाल्या, “शिकलेली माणसं लई तरास देतात बघा, आजोबा. अडाणी माणूस सरळ बोंब मारतंय.” आणि मग, वही हातात घेत, “तीन म्हणालाव न्हवं? रोजच्या सहा आन ह्या तीन. नऊ. म्हंजे तेवढं त्यांना लागतच होतं. आता आधी आजींना विचारू, मग मी डॉक्टरांना फोन लावते.” आम्ही आत गेलो. सिस्टर स्टुलावर बसल्या, नागम्माचा हात हातात घेतला आणि विचारलं, “आजी, खरं खरं सांगा. आत्ता किती आणे?” नागम्मानं तोंड उघडलं, आणि बोलायच्या आधी माझ्याकडे बघितलं. पळभरच बघितलं. मला ते बघणं ओळखीचं होतं. ती माझ्या तोंडावरून काहीतरी ठरवत होती, किती झेपेल ते. मी काही करून तोंड कोरं ठेवायचा प्रयत्न केला आणि ते होणार नाही हे मला कळलं. मी उठलो. खोलीच्या बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. पार्वतम्मा पदराला हात पुसत आली, म्हणाली, “काय झालं?” मी म्हणालो, “काही नाही. ती सांगते आहे.” आतून आवाज येत होता, शब्द नाही. माझे कान ताणले गेले. आणखी थोडं थांबलो तर आकडा ऐकू येईल, असं वाटलं आणि मी चार पावलं पुढं अंगणात गेलो, जिथं काहीच ऐकू येत नाही.

सिस्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांनी मला आकडा सांगितला नाही आणि मी विचारला नाही. विचारायचा म्हणून जीभ हलली होती. त्यांनी फोनवर डॉक्टरांशी बोलून घेतलं आणि मला नवा डोस समजावला. दर वेळी एक न देता दीड गोळी, झोपताना तीन. पोटाचं औषध चुकवायचं नाही. झोपेतून उठवताना उठल्या नाहीत, श्वास अगदी मंद वाटला, तर लगेच फोन. वरच्या गोळ्या त्यांनी पुन्हा दहा दिल्या. जाताना म्हणाल्या, “वही ठेवा चालू. पर त्यांनाच लिवू द्या. आकडा वाकडातिकडा आला तरी चालंल.” दोन वाजता मी सुरीनं गोळी कापली. अर्धी बरोबर झाली नाही, एक बाजू मोठी झाली. मी मोठी बाजू दिली.

चारच्या सुमाराला ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. नागम्मा जागी झाली, पण हातांच्या मुठी वळलेल्या नव्हत्या. तिनं पाणी मागितलं, मी चमचा धरला. गल्लीत टँकर आल्याची ओरड झाली, पार्वतम्मा बादल्या घेऊन पळाली, तिचे गुडघे विसरून. घरात आम्ही दोघंच राहिलो. मी स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसलो होतो. नागम्मा माझ्याकडे बघत होती. “विचारा की,” ती म्हणाली. “नको,” मी म्हणालो. “विचारा. तुम्ही असं गप बसलाव की मलाच कसंसं होतंय.” मी म्हणालो, “किती?” ती थोडा वेळ छताकडे बघत राहिली, जणू खरोखरच मोजत होती. “सहा,” ती म्हणाली. माझ्या डोक्यात लगेच ते सुरू झालं. मला सहा, तर पारूला नऊ. कापणार हे धरून सहा, तर मुळात चार. माझं तोंड बघून सहा, तर मुळात किती? मी ते तिथंच थांबवलं. हातानं एखादं चाक थांबवावं तसं थांबवलं, आणि ते थांबलं की नाही हे मला नक्की सांगता येणार नाही. मी म्हणालो, “सहा. बरं आहे.” ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या डोळ्यांकडे, मग ओठांकडे, मग परत डोळ्यांकडे. मी विश्वास ठेवला की नाही, आणि ठेवला तर किती, हे ती बघत होती, आणि मी हललो नाही.